रानडुकरासाठी परवानगी मिळाली, पण काडतूस कुठलं? मुळशीतल्या शेतकऱ्यांनी बंदूक उचलण्याआधी हे वाचावं

पौड (ता. मुळशी) : भात निसवायला लागलं की मुळशीच्या खोऱ्यात रात्रीची राखण सुरू होते. इंद्रायणी असो की आंबेमोहोर, दाणा दुधात आला की रानडुकरांचा कळप डोंगर उतरून खाचरात शिरतो. खातो थोडं, लोळवतो जास्त. सकाळी बांधावर उभं राहिलं की अर्धं खाचर आडवं झालेलं दिसतं. मग पारावर तोच विषय निघतो. कुणी म्हणतं, "फासकी लाव." कुणी म्हणतं, "तार टाक." आणि ज्याच्या घरात परवान्याची बंदूक आहे त्याला सगळे सांगतात, "एक बार काढ, बघू काय होतंय ते."

हा "बघू काय होतंय ते"चा बारच सगळ्यात महागात पडतो. परवानगी नसेल तर तुरुंग. परवानगी असली आणि काडतूस चुकीचं असलं, तर डुक्कर जखमी होऊन रानात जातं, चार दिवस तडफडतं आणि मधे जो आडवा येईल त्याला फाडतं. म्हणून प्रश्न दोन आहेत आणि त्यांचा क्रम बदलायचा नाही. पहिला, मारायला कायद्याने परवानगी आहे का? दुसरा, असेल तर जनावर एका गोळीत, न तडफडता मरेल असं काडतूस कुठलं?

शिकार बंद आहे, हे आधी पक्कं करा

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या कलम ९ ने शिकारीवर बंदी आहे. शिकार म्हणजे फक्त गोळी घालणं नव्हे. फासकी लावणं, विष टाकणं, जाळ्यात धरणं, हाका करून जनावर उठवणं, आणि यातलं काही करायचा नुसता प्रयत्न करणं, हे सगळं कायद्याच्या भाषेत शिकारच आहे.

एक काळ असा होता की शिकारीचे परवाने मिळायचे. मूळ १९७२ च्या कायद्यात मोठ्या शिकारीचा आणि छोट्या शिकारीचा असे वेगवेगळे परवाने होते. १९९१ च्या दुरुस्तीने ते बंद झाले. त्यामुळे "आमचे आजोबा मारायचे" हे खरं असलं तरी आज कोर्टात ते चालत नाही.

२०२२ मध्ये कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. आता रानडुक्कर अनुसूची २ मध्ये आहे. त्याची बेकायदा शिकार केली तर तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बिबट्या आणि गवा अनुसूची १ मध्ये आहेत. तिथे कमीत कमी तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद आणि वर किमान २५ हजार रुपये दंड.

मुळशीकरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. ताम्हिणीचं अभयारण्य आपल्याच तालुक्याला लागून आहे. अभयारण्याच्या हद्दीत शिकार केली, तर जनावर कुठल्याही अनुसूचीतलं असो, शिक्षा तीन ते सात वर्षांचीच. म्हणजे तेच डुक्कर, पण हद्द ओलांडली की गुन्हा दुप्पट जड होतो.

मग परवानगी कुठली?

कायद्याच्या कलम ११ मध्ये एक वाट ठेवलेली आहे. अनुसूची २ मधलं जनावर माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका झालं असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी आदेश काढून, कारण नमूद करून, त्याला मारायची परवानगी देऊ शकतो. मालमत्तेत उभं पीक येतं, हे कायद्यातच लिहिलेलं आहे.

महाराष्ट्रात रानडुक्कर आणि रोही या दोन प्राण्यांपुरता हा अधिकार वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यापर्यंत, म्हणजे गावात ज्यांना आरएफओ साहेब म्हणतात त्यांच्यापर्यंत, आणला गेला. जुलै २०१५ च्या शासन निर्णयाने पद्धत सोपी झाली. शेतकऱ्याने अर्ज करायचा, पोच घ्यायची आणि अधिकाऱ्याने २४ तासांत निर्णय द्यायचा. तेवढ्या वेळात उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं समजायचं, अशी तरतूद त्यात होती.

तरीही शहाणपण यात आहे की कागद हातात असल्याशिवाय बार काढू नये. "पोच आहे ना" म्हणून गोळी चालवली आणि पुढे चौकशी लागली, तर सगळं सिद्ध करायची जबाबदारी शेतकऱ्यावर येते. अर्जासोबत सातबारा, नुकसान झालेल्या खाचराचे मोबाईलवर काढलेले फोटो आणि बंदुकीच्या परवान्याची प्रत जोडली की काम लवकर होतं. अर्जात गट नंबर स्पष्ट लिहावा, कारण परवानगी त्या शेतापुरती असते. शेजारच्या जंगलाची नसते आणि अभयारण्याची तर नाहीच नाही.

भेकर, सांबर, ससा, मोर, माकड यांना ही परवानगी लागू नाही. "डुकराचा कागद आहे" म्हणून भेकर पाडलं, तर तो सरळ गुन्हा.

बंदुकीचा परवाना हा वेगळा कागद

वनखात्याची परवानगी म्हणजे बंदुकीचा परवाना नव्हे, आणि बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. दोन्ही कागद लागतात.

१९५९ च्या शस्त्र कायद्यात शेतकऱ्याचा विचार केलेला आहे. पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळू शकतो. ठासणीची बंदूक पुरेशी नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं, तर आतून गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक, म्हणजे आपली बारा बोअर, देता येते. पौडसारख्या ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत हा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत गेलेल्या गावांना पोलीस आयुक्तांकडे जावं लागतं.

बिनपरवाना बंदूक सापडली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षं आणि कमाल पाच वर्षं कैद. आपली परवान्याची बंदूक बिनपरवाना माणसाच्या हातात देणं हासुद्धा गुन्हा आहे. "भाऊचा नेम चांगला आहे, त्याला दे" हे इथे चालत नाही. ज्याचं नाव परवान्यावर, बार त्यानेच काढायचा. आणि निवडणुकीच्या आचारसंहितेत बंदूक पोलीस ठाण्यात जमा असते, तेव्हा पिकाची राखण दुसऱ्या मार्गाने करायची तयारी आधीच ठेवावी.

आता मुद्द्याचं : काडतूस

बारा बोअरची काडतुसं आपल्या घराजवळच तयार होतात. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून आहे आणि त्यावर के. एफ. अशी अक्षरं असलेली काडतुसं कित्येक घरांच्या कपाटात सापडतील. पण सगळी काडतुसं बाहेरून सारखीच दिसतात. आत काय भरलंय ते डब्यावर आणि काडतुसावर लिहिलेलं असतं, ते वाचायची सवय नसते. घोळ तिथेच होतो.

*बारीक छर्रा.* चार, सहा, आठ नंबरची काडतुसं पाखरांसाठी बनवलेली असतात. सहा नंबरच्या एका छर्ऱ्याचं वजन ग्रॅमच्या दहाव्या भागाएवढं. तो सेकंदाला ४०० मीटर वेगाने निघाला असं धरलं, तर त्याच्यात ताकद फक्त ८ ज्यूल. डुकराच्या कातडीत तो रुततो आणि तिथेच थांबतो. जनावर मरत नाही. जखमा चिघळतात, त्यात किडे पडतात. "नुसतं हाकलायला छर्रा मारला" असं म्हणणारा माणूस खरं तर जनावराला आठवडाभराचं मरण देतो. शिवाय हाकलायला मारलेला छर्रा हीसुद्धा शिकारच धरली जाते.

*मोठा छर्रा.* एल. जी. आणि एस. जी. या नावाने मिळतो. एस. जी. चे आठ दाणे मिळून साधारण एक औंस, म्हणजे २८ ग्रॅम. एक दाणा साडेतीन ग्रॅमचा. त्याच वेगाने हिशेब केला तर एका दाण्यात २८० ज्यूल. जवळून, पंधरा-वीस पावलांवरून, चार-पाच दाणे एकाच जागी बसले तर जनावर पडतं. पण अंतर वाढलं की दाणे पसरतात. चाळीस पावलांवर एखादा पोटात लागतो, एखादा पायात, बाकीचे हवेत. पोटात लागलेलं डुक्कर पळतं आणि रात्रभर जगतं. मुळशीत जखमी डुकराच्या ज्या गोष्टी सांगितल्या जातात, त्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा लांबून मारलेलं एस. जी. असतं.

*एकच गोळा असलेलं काडतूस.* दुकानात याला बॉल किंवा स्लग म्हणतात. सगळं शिसं एकाच गोळ्यात. २८ ग्रॅमचा गोळा ४०० मीटर वेगाने निघाला तर ताकद २२४० ज्यूल, म्हणजे एस. जी. च्या एका दाण्याच्या आठपट. ही ताकद एकाच जागी बसते, हाड फोडते, फुप्फुसापर्यंत पोचते. डुकरासारख्या चिवट जनावराला बारा बोअरमधून मारायचं तर हेच काडतूस.

पण त्यालाही मर्यादा आहेत. गुळगुळीत नळीतून गोळा लांब नेमका जात नाही. पन्नास मीटरच्या पुढे नेम धरू नये. बऱ्याच जुन्या बंदुकांची एक नळी पुढे तोंडाशी आवळलेली असते, तिला चोक म्हणतात. घट्ट चोकच्या नळीतून गोळा मारायचा की नाही, हे बंदूक दुरुस्त करणाऱ्या परवानाधारक कारागिराला दाखवूनच ठरवावं. आणखी एक गोष्ट म्हणजे काडतुसाची लांबी. ६५ मिलिमीटरच्या घरासाठी बनलेल्या जुन्या बंदुकीत ७० मिलिमीटरचं काडतूस कधीही घालू नये. ते आत जातं, पण फुटताना त्याचं तोंड उघडायला जागा उरत नाही, दाब वाढतो आणि नळी फाटू शकते.

*ठासणीची बंदूक.* हिच्यात काय भरायचं हे मालकाच्या हातात असतं, म्हणून धोका सगळ्यात जास्त. खिळ्यांचे तुकडे, बेअरिंगच्या गोळ्या, लोखंडाचा कीस असं काहीही ठासलं जातं. असला माल वेडावाकडा उडतो, जनावराला नुसता ओरबाडतो आणि नळी आतून खरवडतो. दारूचं माप चुकलं तर नळी हातात फुटते. ठासणीतून मारायचंच असेल तर नळीच्या मापाचा शिशाचा एकच गोल गोळा आणि अंतर वीस-पंचवीस पावलं. दुसरा बार भरायला मिनिट लागतं, तेवढ्यात जखमी डुक्कर अंगावर येऊ शकतं, हे लक्षात घेऊनच जागा निवडावी.

*रायफल.* मुळशीत फार थोड्यांकडे आहे. नागरिकाला चालते ती .३१५ सारख्या बोअरची. लष्कराची .३०३ सामान्य परवान्यावर मिळत नाही. इंग्रजांच्या काळातही लष्करी बोअर नागरिकांना नको म्हणूनच .३१५ चा वापर इथे वाढला. रायफलच्या गोळीत दोन जाती महत्त्वाच्या. पूर्ण तांब्याच्या आवरणाची गोळी सुईसारखी आरपार जाते, लहान भोक पाडते आणि मागे उभ्या असलेल्यालाही लागू शकते. टोकाला शिसं उघडं ठेवलेली, जिला सॉफ्ट नोज म्हणतात, ती आत गेल्यावर फुलते आणि सगळी ताकद जनावरातच सोडते. जनावर लवकर मरतं.

यातली गंमत अशी की, फुलणारी गोळी माणसांच्या युद्धात वापरायला १८९९ च्या हेगच्या जाहीरनाम्याने बंदी आणली. कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यावरून अशा गोळ्यांना "डमडम" हे नाव पडलं. पण शिकारीच्या बाबतीत उलटा न्याय लागतो. तिथे हेतू जखमी करायचा नसतो, लगेच मारायचा असतो. म्हणून इंग्लंडमध्ये १९९१ च्या हरीण कायद्याने हरणासाठी फुलणारीच गोळी लागते.

आपल्याच जुन्या कायद्यात हे लिहिलं होतं

एकच गोळा वापरायचा हा नियम परदेशातून आलेला नाही. १९७२ चा कायदा नवा होता आणि परवाने मिळत होते, तेव्हा मोठ्या जनावराची शिकार रायफलनेच करायची अशी अट होती. छर्ऱ्याची बंदूक वापरायची तर परवान्यात खास मुभा लागायची, आणि तीही एकच गोळा असलेल्या काडतुसापुरती. सूर्यास्त ते सूर्योदय शिकार बंद, गाडीतून शिकार बंद, पाणवठ्यावर दबा धरून शिकार बंद, विष, स्फोटकं आणि फासे बंद, असे नियम त्याच कलमात होते. परवाने गेले तसं ते कलमही गेलं. पण त्यामागचा विचार आजही तेवढाच खरा आहे.

जर्मनीत रानडुकरं आपल्यापेक्षा कमी नाहीत आणि तिथे शिकार कायदेशीर आहे. तरीही तिथल्या कायद्याने डुकरावर छर्रा मारायला बंदी आहे. गोळी किमान साडेसहा मिलिमीटर जाडीची आणि १०० मीटरवर किमान २००० ज्यूल ताकदीची हवी. आपला बारा बोअरचा गोळा नळीतून निघतानाच जेमतेम तेवढा असतो आणि पुढे झपाट्याने कमी होतो. म्हणूनच आपल्याकडे जवळून मारण्याला पर्याय नाही.

गोळी कुठे, आणि मागे काय?

मोठ्या नराच्या खांद्यावर कातडीखाली जाड चिवट थर असतो, जणू ढालच. समोरून मारलं तर कवटीचा उतार गोळी वळवू शकतो. मागून मारलं तर पोट फुटतं. म्हणून जनावर आडवं उभं राहीपर्यंत थांबायचं. पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या खालच्या भागात नेम धरायचा. काळीज आणि फुप्फुसं तिथे असतात. पळत्या डुकरावर बार काढू नये. पिल्लं मागे असलेल्या मादीवर तर नाहीच. ती पडली की पिल्लं उपाशी मरतात.

आणि ट्रिगरला बोट लावण्याआधी जनावराच्या मागे काय आहे ते बघायचं. आज मुळशीत प्रत्येक टेकडीवर फार्महाऊस आहे, धरणाच्या काठाला तंबू आहेत, ताम्हिणीच्या वाटांवर शनिवार-रविवारी पुण्याची पोरं चालत असतात. बारा बोअरचा गोळा शेकडो मीटर जातो. रायफलची गोळी तर किलोमीटरच्या हिशेबात जाते. कातळावर आपटली तर दिशा बदलते. माळ्यावर बसून खाली मारलं की चुकलेली गोळी मातीत जाते. सगळ्यात सुरक्षित जागा तीच.

पालघर जिल्ह्यात जानेवारी २०२५ च्या शेवटी गावातला एक गट रानडुकराच्या शिकारीला जंगलात गेला होता. झुडपात हालचाल दिसली म्हणून एकाने गोळी झाडली. ते डुक्कर नव्हतं, त्यांचाच सोबती होता. तो गेला. रात्रीच्या बॅटरीत चमकणारे डोळे डुकराचेच असतील असं नाही. बांधावर बसलेलं कुत्रं असतं, चुकलेलं वासरू असतं, राखणीला आलेला शेजारी असतो. पूर्ण जनावर दिसल्याशिवाय बार नाही.

पावसाळ्यात एक जादा काळजी. मुळशीचा पाऊस काडतुसात ओल धरतो. बार उडाला नाही तर लगेच बंदूक मोडून बघू नये. नळी सुरक्षित दिशेला धरून अर्धं मिनिट थांबावं. कधी कधी काडतूस उशिरा फुटतं.

जखमी होऊन पळालं तर

लगेच मागे धावू नये. जखमी डुकराला कुणी दामटलं नाही तर ते जवळच कुठेतरी बसतं. दामटलं तर लांब जातं किंवा उलटून येतं. नराचे सुळे मांडी फाडतात, तिथली मोठी रक्तवाहिनी तुटली तर दवाखाना गाठेपर्यंत वेळ उरत नाही. रक्त कुठल्या दिशेला गेलंय ते बघून ठेवावं आणि वनरक्षकाला फोन करावा. परवानगी शेताची असते. जनावर जंगलात गेलं की बंदूक घेऊन मागे जाणं म्हणजे नवा गुन्हा. वनविभागाची हेल्पलाइन १९२६. त्याच वेळी आसपासच्या वाडीला सांगावं, म्हणजे सकाळी सरपणाला जाणाऱ्या बाया त्या बाजूला फिरकणार नाहीत.

मेल्यावर डुक्कर कुणाचं?

सरकारचं. परवानगीने मारलं तरी, आणि जीव वाचवताना मारलं तरीही. कलम ३९ तसं सांगतं. ४८ तासांच्या आत वनखात्याला किंवा पोलीस ठाण्याला कळवावं लागतं. त्याआधी वाटे घालून चुलीवर चढवलं, तर पिकाचं रक्षण करणारा शेतकरी कागदावर शिकारी ठरतो. अनेक प्रकरणं बंदुकीमुळे उघडी पडत नाहीत, मटणाच्या वाट्यावरून आणि मोबाईलवर टाकलेल्या फोटोवरून पडतात.

अंगावर धावून आलेल्या जनावराला स्वतःचा जीव वाचवताना प्रामाणिकपणे मारलं तर तो गुन्हा धरत नाहीत. पण त्या वेळी तो माणूस स्वतःच दुसरा गुन्हा करत नसावा, ही अट आहे. बेकायदा शिकारीला गेलेल्याला हे कलम वाचवत नाही.

फासकी, गावठी बॉम्ब आणि तार

गोळी निवडता येते. फासकी कोण अडकेल ते निवडत नाही. डुकरासाठी लावलेल्या क्लचवायरच्या फासकीत बिबट्या अडकला, तर प्रकरण अनुसूची १ मध्ये जातं. पिठात गुंडाळलेला गावठी बॉम्ब डुकराचा जबडा उडवतो आणि ते जनावर कित्येक दिवस खाल्ल्यावाचून मरतं. तोच गोळा गाय चघळते, कुत्रं उचलतं, पोरं खेळायला घेतात. आणि खांबावरून ओढलेली उघडी तार सगळ्यात आधी माणसाला मारते. पहाटे पाणी सोडायला निघालेला शेजारी गेला, तर तार टाकणाऱ्यावर मनुष्यवधाचा गुन्हा लागतो.

बंदूक नसलेल्यांनी काय करावं?

नुकसान दिसलं की तातडीने, तीन दिवसांच्या आत, वनविभागाकडे अर्ज करून पंचनामा करून घ्यावा आणि भरपाई मागावी. खाचर लगेच सरळ करू नये, आधी फोटो काढावेत. संवेदनशील गावांसाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदान मिळतं. ते कुंपण क्षणभराचा झटका देतं, जीव घेत नाही. मेन लाइनची तार आणि सौर कुंपण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून एकत्र कुंपण केलं तर खर्च वाटला जातो, आणि डुक्कर एकाच्या शेतातून उठून शेजाऱ्याच्या शेतात जात नाही.

थोडक्यात

- आधी वनखात्याचा कागद, मग बंदूक. दोन्ही परवाने वेगळे.
- परवानगी फक्त रानडुकराची आणि फक्त त्या गट नंबरची.
- बारा बोअरमध्ये एकच गोळा. छर्रा नाही, भंगार तर मुळीच नाही.
- काडतुसाची लांबी आणि नळीचा चोक कारागिराला दाखवून घ्या.
- अंतर कमी, जनावर आडवं, नेम पुढच्या पायामागे.
- मागे काय आहे ते दिसत नसेल तर बार नाही.
- जखमी झालं तर १९२६. मेलं तर ४८ तासांत कळवा. वाटे नाहीत.

यातली एक जरी गोष्ट जमत नसेल, तर त्या रात्री बंदूक खुंटीलाच राहू द्यावी. लोळलेल्या खाचराचा पंचनामा होतो आणि त्याची भरपाई मागता येते. चुकीच्या गोळीने गेलेल्या माणसाचा फक्त पंचनामा होतो.